माझी बिघडलेली वाइन आणि लुई पाश्चर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट संपत आला होता आणि इथे रेडिंगला नदीकाठची काटेरी झुडपं ब्लॅकबेरींनी नुसती लगडली होती. फुकटची फळं, कुणीही तोडावीत. मी आणि लेकीने दोन रविवार हात ओरबाडून घेत चांगल्या चार किलो जमवल्या. निम्म्याचा जॅम झाला. उरलेल्यांचं काय करायचं, असा प्रश्न पडला तेव्हा शेजारच्या आजोबांनी सुचवलं, वाइन कर. ते स्वतः चाळीस वर्षं घरी वाइन करतात. ब्लॅकबेरीची, एल्डरफ्लॉवरची, अगदी बिटाचीसुद्धा.

इंग्लंडमध्ये घरच्यापुरती वाइन करायला परवाना लागत नाही की कर भरावा लागत नाही, फक्त ती विकायची नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी असलं काही करता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझा लेख वाचून कुणीतरी घरात पिंप मांडून बसायचं!

आता माझी अडचण सांगते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. खरड छाटणी, गोडी छाटणी, भुरी, डाऊनी हे शब्द ऐकतच मी वाढले. पण बाबा माळकरी. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण द्राक्षाच्या त्या दुसऱ्या रूपाचं नावसुद्धा घरात निघत नसे. त्यामुळे मी इकडे वाइन करतेय हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं मी आणि आईने फोनवर परस्पर ठरवून टाकलं.

पहिल्या वर्षी हौस दांडगी आणि ज्ञान शून्य. फळं कुस्करली, साखर-पाणी घातलं, यीस्टची पुडी टाकली. आठवडाभर बादलीत छान फसफसलं. मग ते गाळून काचेच्या मोठ्या बरणीत भरलं. इथे तिला डेमीजॉन म्हणतात, साडेचार लिटरची असते. माझी बरणी जेमतेम अर्धी भरली. तोंडावर फडकं बांधलं आणि आम्ही दिवाळीला भारतात गेलो. तीन आठवड्यांनी परत येऊन दार उघडलं तर घरभर नाकात झोंबणारा वास! बरणीत वर पांढुरकी साय धरलेली. आजोबांनी एकदाच वास घेतला आणि हे आता बटाट्याच्या चिप्सवर घालायच्या कामाचं आहे असा निकाल दिला. वाइनचं व्हिनेगर झालं होतं.

मला आपलं वाटत होतं की काहीतरी घाण राहिली असणार. आजोबा म्हणाले की घाण नव्हे, हवा. आणि हे नीट समजून घ्यायचं असेल तर पाश्चरचं चरित्र वाच, असा सल्ला त्यांनी दिला. मी जरा गोंधळलेच. पाश्चर म्हणजे पाश्चराइज्ड दूध आणि पिसाळलेल्या कुत्र्याची लस, एवढंच शाळेत शिकलेलं. त्यांचा वाइनशी काय संबंध? हिवाळ्यात वाचनालयातून पुस्तकं आणली आणि वाचता वाचता लक्षात आलं की या माणसाच्या आयुष्याची सुरुवातच मुळी द्राक्षाच्या गावात झाली होती. पुढे ईस्टरच्या सुट्टीत आम्ही ते गाव बघूनही आलो. त्या माणसाची ही गोष्ट.

लुई पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावचा. वडील नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते. लढाया संपल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा आपला पिढीजात धंदा पुन्हा धरला. लुई लहान असतानाच कुटुंब ज्युरा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आर्ब्वा गावी आलं. घर नदीला लागून, कारण कातड्याच्या कामाला पाणी भरपूर लागतं. घराच्या खालच्या बाजूला कातडी भिजवायचे हौद, वर राहायची जागा आणि गावाभोवती चहूकडे द्राक्षमळे. आजही आर्ब्वा ओळखलं जातं ते वाइनसाठीच. दर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नव्या द्राक्षांचा एक भलामोठा घड बांधून तो वाजतगाजत चर्चमध्ये नेतात.

मुलगा शाळेत काही चमकदार नव्हता. त्याचा हात चालायचा चित्रांवर. आईवडिलांची त्याने खडूने काढलेली चित्रं आजही पाहायला मिळतात आणि ती खरोखरच चांगली आहेत. वडिलांची इच्छा एवढीच, की पोराने शिकून गावच्या शाळेत मास्तर व्हावं.

सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याला पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला धाडलं. आणि तिथे या मुलाला घराची इतकी ओढ लागली की झोप उडाली, अभ्यास सुचेना. वडिलांच्या कारखान्यातल्या कातड्यांचा वास एकदा जरी आला तरी बरं वाटेल, असं त्याला होऊन गेलं. शेवटी वडील स्वतः पॅरिसला गेले आणि त्याला परत घेऊन आले.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. आपण परदेशी राहणारी माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. वास हा मोठा विचित्र प्रकार आहे. वाइनची भांडी निर्जंतुक करायला इथे कॅम्पडेनच्या गोळ्या वापरतात. पाण्यात विरघळल्या की त्यातून गंधकाचा वायू सुटतो. पहिल्यांदा ती गोळी कुस्करली तेव्हा तो वास थेट डोक्यात गेला आणि मी स्वयंपाकघरातून उठून निफाडला पोचले. निर्यातीतून बाजूला पडलेल्या मालाचे बाबा बेदाणे करायचे आणि त्यांना गंधकाची धुरी द्यायचे. तोच वास! नवऱ्याला वाटलं, धुराने डोळ्यात पाणी आलं.

तर लुई परत आला, पण हरला नाही. जवळच्या बेझाँसाँ शहरात राहून शिकला. विज्ञानाच्या पदवी परीक्षेत रसायनशास्त्रात त्याला शेरा मिळाला तो बेताचा असल्याचा. पुढे पॅरिसच्या नामांकित एकोल नॉर्मालची प्रवेश परीक्षा तो पास झाला, पण आलेला क्रमांक पसंत पडला नाही म्हणून वर्षभर थांबून पुन्हा परीक्षेला बसला आणि वरच्या क्रमांकाने आत गेला. आता मात्र पॅरिस त्याला झेपलं.

त्यांचा पहिला मोठा शोधसुद्धा वाइनच्या पिंपातूनच निघाला. द्राक्षाच्या वाइनच्या तळाशी कधी कधी काचेच्या चुऱ्यासारखे खडे सापडतात. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, अगदी निरुपद्रवी. या आम्लाचाच एक जुळा भाऊ रसायनशास्त्रज्ञांना सतावत होता. घटक तेच, प्रमाण तेच, पण एकातून जाणारा प्रकाश वळायचा आणि दुसऱ्यातून जाणारा वळत नव्हता. १८४८ मध्ये पंचविशीतल्या पाश्चरांनी त्याच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली नीट पाहिले. ते दोन तऱ्हांचे होते, डाव्या आणि उजव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यांनी ते तांदळातले खडे निवडावेत तसे एकेक करून वेगळे केले. एका ढिगाने प्रकाश डावीकडे वळवला, दुसऱ्याने उजवीकडे. दोन्ही एकत्र असले की हिशेब शून्य. ज्येष्ठ शास्त्रज्ञ बिओ यांचा विश्वास बसेना. त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला आणि खात्री पटल्यावर भारावून त्या मुलाचा हातच धरला म्हणतात.

त्याच वर्षी आई गेली. पुढच्या वर्षी ते स्ट्रासबुर्ग विद्यापीठात रुजू झाले आणि तिथल्या रेक्टरची मुलगी मारी लोराँ हिच्याशी त्यांचं लग्न झालं. ती पुढे आयुष्यभर त्यांची लेखनिक, मदतनीस आणि आधार होऊन राहिली.

१८५४ मध्ये पाश्चर लील शहरात विज्ञान विभागाचे प्रमुख झाले. तिथे बिगो नावाचे एक कारखानदार बिटापासून मद्यार्क काढायचे. त्यांचा मुलगा पाश्चरांच्या वर्गात होता. १८५६ मध्ये त्यांच्या कारखान्यातली काही पिंपं नासू लागली, मद्यार्काऐवजी आंबट बुळबुळीत काहीतरी तयार व्हायला लागलं. त्यांनी मुलाच्या मास्तरांना साकडं घातलं. मोठ्या पदावरचा प्राध्यापक, पण कारखान्यात जाऊन प्रत्येक पिंपातला नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल गोल कण दिसत, नासलेल्या पिंपात बारीक काड्यांसारखं काहीतरी वळवळताना दिसे.

त्या काळी लिबिग यांच्यासारखे मोठमोठे रसायनतज्ज्ञ मानत असत की आंबणं ही निव्वळ रासायनिक कुजण्याची क्रिया आहे. यीस्ट सजीव असल्याचं फ्रान्समध्ये आणि जर्मनीत काहींनी वीसेक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, पण त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. पाश्चरांनी ते चिकाटीने सिद्ध केलं. १८५७ मध्ये त्यांनी दूध आंबण्यामागचा जीव कोणता ते मांडलं आणि पुढच्या काही वर्षांत मद्यार्काचं आंबणं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येक आंबण्यामागे एक विशिष्ट सूक्ष्म जीव असतो. आपल्या विरजणाचा जीव वेगळा, वाइनचा वेगळा, व्हिनेगरचा वेगळा. पिंप नासतं म्हणजे आपण बोलावलेल्या पाहुण्याच्या पानावर भलताच कुणीतरी येऊन बसलेला असतो.

घरी वाइन करणाऱ्या नवख्या माणसाचं अर्धं काम एवढ्यात आलं. दुसऱ्या वर्षी मी काय केलं ते सांगते. बादली, चमचा, गाळणी, बरणी सगळं आधी धुऊन कॅम्पडेनच्या पाण्याने विसळलं. दोन किलो ब्लॅकबेरी कुस्करल्या, वरून उकळतं पाणी ओतलं, किलोभर साखर विरघळवली आणि सगळं मिळून साडेचार लिटरच्या आसपास ठेवलं. थंड झाल्यावर रस निवळावा म्हणून पेक्टिन फोडणारं एन्झाइम घातलं, एक कॅम्पडेन गोळी टाकली आणि बादली झाकून एक दिवस थांबले. रानातल्या फळांवर बसलेले बिनबुलाये पाहुणे त्याने दबतात. मगच वाइनच्या यीस्टची पुडी. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी रसात सोडली की गोडी किती ते कळतं. १.०८५ ते १.०९० च्या दरम्यान आकडा असला की पुढे साधारण बारा टक्क्यांची वाइन होते. द्राक्षबागेत बाबा मण्याचा थेंब यंत्रावर टाकून गोडी किती भरली ते बघायचे, त्यातलाच हा प्रकार.

आता पाश्चरांची दुसरी गोष्ट, जिने माझा घोळ उलगडला. त्यांच्या लक्षात आलं की काही सूक्ष्म जीव हवेशिवाय जगतात, इतकंच नाही तर काहींना हवा सोसतच नाही. यीस्टला हवा मिळाली की ती आपली वंशवेल वाढवते आणि हवा तोडली की पोटासाठी साखर फोडून मद्यार्क करते. उलट वाइनचं व्हिनेगर करणारा जीव हवेवरच जगतो. तो वाइनवर पातळ साय धरून बसतो आणि हवेतला प्राणवायू घेऊन मद्यार्काचं आम्ल करतो. माझी अर्धी रिकामी बरणी आणि वरचं फडकं म्हणजे त्याला टाकलेला पाटच होता! पाश्चरांनी यावर एवढं काम केलं की १८६७ मध्ये ऑर्लेआँच्या व्हिनेगरवाल्यांसमोर त्यांनी खास व्याख्यान दिलं. एकाचं नुकसान ते दुसऱ्याचं उत्पन्न.

म्हणून दुसऱ्या वर्षी पहिले पाच दिवस बादलीवर सैल झाकण ठेवून रोज ढवळलं. तेव्हा यीस्टला थोडी हवा हवी असते. मग गाळून बरणी गळ्यापर्यंत भरली आणि तोंडाला एअरलॉक लावलं. ही पाणी भरलेली वाकडी नळी असते, आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही. तोंड घट्ट बंद मात्र कधीच करायचं नाही, वायू कोंडून बरणी फुटेल.

ती नळी पाहिली की मला पाश्चरांची हंसासारख्या मानेची चंबू आठवते. त्या वेळी वाद पेटला होता की नासक्या पदार्थात जीव आपोआप जन्मतात की नाही. पाश्चरांनी चंबूत रस्सा उकळला आणि त्याची मान तापवून लांब, वाकडी केली. हवा आत जायची, पण धूळ वाकणात अडकायची. रस्सा नासला नाही. १८६० मध्ये ते बंद चंबू घेऊन गावोगाव फिरले. आर्ब्वाजवळ उघडलेल्या २० चंबूंपैकी ८ नासले, पुपे डोंगरावर २० पैकी ५, आणि आल्प्समधल्या हिमनदीवर २० पैकी फक्त १. जीव आपोआप जन्मत नव्हते, ते हवेतल्या धुळीवर बसून येत होते.

१८६३ मध्ये खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना वाइनच्या रोगांचा अभ्यास करायला सांगितलं. फ्रान्सची वाइन परदेशी जाता जाता आंबट, कडू, तेलकट होत होती आणि व्यापार बुडत होता. पाश्चर थेट आपल्या गावी आले. कातडीवाल्याचा मुलगा आता मोठा माणूस होऊन आला होता, पण त्याची प्रयोगशाळा होती गावातल्या एका कॅफेच्या खोलीत, गावच्या सुताराने-लोहाराने जमवून दिलेल्या सामानावर. बालमित्रांनी आपापल्या तळघरांतून बाटल्या आणून दिल्या. सूक्ष्मदर्शकाखालचा थेंब पाहून पाश्चर न चाखताच सांगू लागले, ही कडू होणार, ही आंबट.

उपाय निघाला तो साधा. बाटली बंद ठेवून वाइन ५० ते ६० अंशांच्या दरम्यान काही वेळ तापवायची, म्हणजे नको ते जीव मरतात आणि चवही फारशी बिघडत नाही. खवय्यांनी नाकं मुरडली. वाइन तापवण्याची कल्पना आधी आपली, असं म्हणणारेही निघाले. त्यात तथ्यही होतं, तापवून टिकवणं त्याआधी काहींनी केलं होतं. पण का टिकतं, हे पाश्चरांनी सांगितलं. नौदलाने तापवलेली वाइन जहाजांवरून पाठवून पाहिली, ती टिकली. १८६५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं आणि नंतर ती पद्धत सगळ्यांना खुली करून टाकली. आज घरी आपण वाइन तापवत नाही, ते काम गंधकाच्या गोळीवर भागतं. पण रोजच्या दुधाच्या पिशवीवर त्यांचं नाव आहे ते या वाइनमुळेच.

इथपर्यंतची गोष्ट मी लेकीला झोपताना सांगायचे. पुढची मात्र सांगितली नाही.

पाश्चरांची थोरली मुलगी जान १८५९ मध्ये आर्ब्वाला आजोबांच्या घरी विषमज्वराने गेली. नऊ वर्षांची होती. १८६५ च्या जूनमध्ये वडील गेले. तेव्हा पाश्चर दक्षिणेत रेशमाच्या किड्यांच्या रोगावर काम करत होते. त्याच सप्टेंबरात दोन वर्षांची धाकटी कामी गेली. पुढच्या मे महिन्यात बारा वर्षांची सेसिल, तीही विषमज्वरानेच. वाइनवरचं त्यांचं पुस्तक आलं ते याच वर्षी, १८६६ मध्ये.

हे मी दोनदा वाचलं. वाइनच्या थेंबातला रोग सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता. वाइनला रोग होतो तो सूक्ष्म जीवामुळे, तर माणसालाही तसंच होत असेल, हा विचार त्यांच्या मनात तेव्हाच घोळत होता. पण विषमज्वराचा जंतू कुणाला दिसायला १८८० साल उजाडायचं होतं. बाटली वाचवता येत होती, लेक नाही. आर्ब्वाच्या घरात फिरताना मला त्यांच्या उपकरणांपेक्षा हेच आठवत राहिलं, की या घरात एक नऊ वर्षांची मुलगी गेली आणि तरी हा माणूस सुट्टीला इथेच येत राहिला, इथल्याच वाइनचे थेंब तपासत बसला.

१८६८ च्या ऑक्टोबरमध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. डावी बाजू कायमची अधू झाली. लोकांना वाटलं, आता संपलं. खरं तर ज्या कामांसाठी आपण त्यांना ओळखतो त्यातली बरीचशी अजून व्हायचीच होती.

१८७० च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवलं. पाश्चर इतके चिडले की बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी त्यांनी परत केली. मग जर्मनांच्या तोडीची बिअर फ्रान्समध्ये व्हावी म्हणून ते बिअरच्या मागे लागले. १८७१ मध्ये त्यासाठी लंडनलाही आले होते. चिझवेल स्ट्रीटवरच्या व्हिटब्रेडच्या कारखान्यात त्यांनी तिथलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यात भेसळ आहे असं तोंडावर सांगितलं. कारखान्याने लगेच स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला.

आर्ब्वाजवळ त्यांनी एक छोटा द्राक्षमळाही घेतला होता. १८७८ मध्ये त्याचं चीज झालं. त्यांचे मित्र क्लोद बर्नार वारले आणि त्यांच्या टिपणांतून असं निघालं की आंबायला जिवंत यीस्ट लागतच नाही. पाश्चरांनी लगेच आपल्या मळ्यातल्या काही वेलींवर, द्राक्षं कच्ची असतानाच, काचेची घरं उभी केली. काही घड कापसात गुंडाळले. ऑक्टोबरमध्ये द्राक्षं पिकली. उघड्यावरचे घड कुस्करले की रस आंबायचा, झाकलेल्यांचा रस तसाच राहायचा. यीस्ट मण्याच्या आत नसते, ती बाहेरून येऊन सालीवर, देठावर बसते. पॅरिसच्या अकादमीला दाखवायला ते कापसातले घड रेल्वेने नेले, ते मळू नयेत म्हणून बायको आणि मुलीने सांभाळून हातात धरले होते.

ते सगळीच बाजू जिंकले असं नाही बरं का. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट चिरडून काढलेल्या निर्जीव रसानेही साखर आंबते हे दाखवलं. म्हणजे जिंकलेल्या वादातही विरोधकांचा थोडासा खरेपणा होता. पाश्चर भांडखोरही होते. त्यांच्या वह्या पुढे अभ्यासकांनी वाचल्या तेव्हा कळलं, की १८८१ च्या मेंढ्यांवरच्या प्रसिद्ध प्रयोगात वापरलेली लस त्यांनी लोकांना भासवल्यापेक्षा वेगळ्या, सहकाऱ्याच्या पद्धतीची होती. मोठी माणसंसुद्धा माणसंच असतात.

६ जुलै १८८५ रोजी जोझेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई त्यांच्याकडे घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावलं होतं. पाश्चर डॉक्टर नव्हते, स्वतः सुई टोचू शकत नव्हते. लस माणसावर गुणकारी ठरते हे अजून सिद्ध झालेलं नव्हतं. धोका मोठा होता आणि तो घ्यावा का, यावर आजही वाद होतो. डॉक्टरांकरवी अकरा दिवसांत १३ टोचण्या झाल्या. मुलगा वाचला. जानही गेली तेव्हा नऊच वर्षांची होती, हे मी मनात जुळवलं. त्यांनी जुळवलं असेल का?

१८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे काम करणारे हाफकिन पुढे भारतात आले, मुंबईच्या प्लेगच्या साथीत त्यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. माझ्या थोरल्या भावाला लहानपणी बागेतला कुत्रा चावला होता. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती त्याने, रोज बाबा सायकलवरून दवाखान्यात न्यायचे. आंबट झालेल्या बिटाच्या पिंपापासून माझ्या भावाच्या पोटापर्यंत हा असा एक सरळ रस्ता आहे.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ पाश्चर गेले, बहात्तराव्या वर्षी. नोत्र दामला सरकारी इतमामाने निरोप झाला आणि त्यांच्याच संस्थेच्या तळघरात त्यांना ठेवलं.

माझी दुसऱ्या वर्षीची वाइन? एअरलॉकचे बुडबुडे पाच आठवड्यांनी थांबले. आकडा १.००० च्या खाली, ०.९९४ वर आला. तळाचा गाळ तसाच ठेवून रबरी नळीने वरची निवळ दुसऱ्या बरणीत घेतली, पुन्हा गळ्यापर्यंत भरली, आणखी एक गोळी टाकली आणि जिन्याखाली अंधारात सहा महिने तिच्याकडे बघितलंही नाही. नवख्यांना सगळ्यात अवघड काय जात असेल तर ते हे थांबणं. परवा बाटल्या भरल्या. रंग माणकासारखा आलाय. आजोबांनी घोट घेतला, मान डोलावली आणि दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला.

शेवटी बाबांना सांगून टाकलं. पाश्चरांची गोष्ट सांगता सांगता बोलून गेले, म्हणा ना. फोनवर थोडा वेळ काही आवाजच नाही. मला वाटलं, झालं! मग त्यांनी विचारलं, की काचेच्या घरातली द्राक्षं आंबली नाहीत तर त्या माणसाने मण्यावरचा तो पांढुरका थर पुसून पाहिला होता का. नंतर बराच वेळ आम्ही बागेवर, यीस्टवर आणि धुळीवर बोलत होतो. फोन ठेवताना म्हणाले, रंग कसा आलाय त्याचा फोटो पाठव. मी ते काही पिणार नाही, पण बघायला काय हरकत आहे.

फोटो पाठवला. बाटलीच्या शेजारी आर्ब्वाहून आणलेला, घराच्या दारातल्या नदीचा छोटा फोटोही ठेवला होता. आईचा उलट निरोप आला, की बाबांनी तो फोटो शेजारच्या काकांना दाखवला आणि लेकीने केलंय असं सांगितलं. कशाचं आहे ते मात्र सांगितलं नाही.

– रेडिंग, इंग्लंड